आधी रॉड सोडा!

"गियरबॉक्स गेलाय."

मंडळी, या दोन शब्दांची किंमत अडीच हजार डॉलर. गॅरेजवाल्याने ते उच्चारण्याआधी काय केलं? गियरची लिव्हर दोनदा हलवून बघितली. बस्स. गाडीखाली वाकूनही बघितलं नाही.

गाडी माझी नाही. इथे सॅन होजेला माझ्या टीममध्ये एक मित्र आहे, त्याची १९७१ची फोक्सवॅगन बस. आपण तिला व्हॅन म्हणू, पण इथे सगळे बसच म्हणतात. ती त्याच्या वडिलांची. वडील गेल्या वर्षी वारले. महिनाभरापूर्वी गियर दुसऱ्यात अडकला तो अडकलाच. अडीच हजार ऐकल्यावर बिचाऱ्याने बस आहे तशी विकून टाकायची ठरवलं. ऑफिसात कॉफी पिताना सहज म्हणाला, "शेवटी जुनी वस्तू, कधीतरी जाणारच."

तर माझा आजचा राग आहे तो या "जाणारच"वर.

त्याला म्हटलं, शनिवारपर्यंत थांब. हे मी कुठल्या जोरावर म्हटलं? माझी इंजिनियरिंगची डिग्री आहे खरी, पण चार वर्षांत वर्कशॉपमध्ये मी एक जॉब घासला, तोही मित्राकडून घासून घेतला. जोर होता तो अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता साताऱ्याला रिटायर्ड. इथे शनिवारचे सकाळचे आठ, तिथे रात्रीचे साडेआठ. जेवण उरकून अण्णा व्हिडिओ कॉलवर हजर.

या बसची गंमत अशी की इंजिन आणि गियरबॉक्स मागे, ड्रायव्हर अगदी पुढे. व्हीलबेस २४०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास आठ फूट. तुमच्या हातातल्या लिव्हरचा हुकूम मागे पोचवतो तो गाडीच्या पोटाखालून जाणारा एक लांब रॉड (खरं तर एकमेकांना जोडलेले दोन). तो बुशमधून सरकतो, आणि शेवटी एका कपलरने गियरबॉक्समधून डोकावणाऱ्या शाफ्टला जोडलेला असतो. म्हणजे हात आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये अडकण्यासारख्या चार-पाच जागा आहेत. आणि गॅरेजवाल्याने बोट ठेवलं ते थेट शेवटच्या आणि सगळ्यात महाग जागेवर!

अण्णांचा पहिला प्रश्न: "इंजिन बंद ठेवून गियर पडतोय का?"

नाही पडत, म्हटलं.

"मग क्लचचं नाव घेऊ नकोस."

साधं आहे बघा. इंजिन बंद असताना गियर नीट पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर. या बसला क्लचची केबल असते, ती ताणते, झिजते. एकाच गियरला खरखर होते किंवा गियर आपोआप निसटतो, तर संशय गियरबॉक्सच्या आतल्या भागांवर. पण लिव्हरच जागची हलत नाही, तर आधी मधला रस्ता तपासायचा.

दुसरा हुकूम: "खाली शिरायच्या आधी घोड्या लाव. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली गेलास तर फोन ठेवून देईन." चाकांना ठोकळे लावले, घोड्या लावल्या.

तिसरा हुकूम: "आता मागं जा आणि रॉड सोड."

कपलरच्या स्क्रूला तार गुंडाळलेली असते, तो थरथरून सुटू नये म्हणून. तार कापली, स्क्रू सोडला, रॉड वेगळा केला. गियरबॉक्सचा शाफ्ट हाताने धरून पुढे-मागे केला. खट्, खट्. लोण्यात सुरी जावी तसा! आणि पुढे मित्र लिव्हर हलवत होता, ती मात्र तशीच ठप्प.

अडीच हजार डॉलरचं निदान वीस मिनिटांत खोटं ठरलं.

पुढचं सगळं हमालकाम. बुश फुटला होता, त्याचा तुकडा रॉडपाशी आडवा अडकला होता. धूळ अडवणारं रबर फाटलं होतं, म्हणून आत वाळू. आणि कित्येक वर्षांच्या ग्रीसचं डांबर झालेलं. साफ केलं, नवा बुश आणि नवा कपलर टाकला. सामानाचे डॉलर चाळीसच्या आसपास. दुसऱ्या गियरमध्ये ठेवून लिव्हर उभी करून बसवली... आणि रिव्हर्स पडेना! या बसमध्ये रिव्हर्ससाठी लिव्हर खाली दाबावी लागते, चुकून पडू नये म्हणून लिव्हरखाली एक स्टॉप प्लेट असते. ती मी उलटी बसवली होती. अण्णा पोट धरून हसले. "इंजिनियर ना तू?"

आता मुद्द्याचं. कोणी म्हणेल, गॅरेजवाल्यालाही पोट आहे, शोधण्याच्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. मान्य. गियरबॉक्स खरंच जातात, तेही मान्य. पण मग म्हणा, "तपासलं नाही." न तपासता "गेलाय" म्हणणं हे निदान नव्हे, तो अंदाज आहे, आणि त्याचं बिल गिऱ्हाइकाच्या नावावर फाडलं जातं.

आणि आपण तरी काय वेगळं करतो? सर्व्हर अडकला की रिस्टार्ट. पुन्हा अडकला की, "हा कोडच जुना आहे, नव्याने लिहू." सहा महिन्यांचं प्रपोजल तयार! मधला रॉड कोणी सोडून बघितला का? मीही नाही. मार्चमध्ये मीच असं एक मॉड्यूल "गेलंय" म्हणून मीटिंगमध्ये हात वर केला होता. सोमवारी जाऊन त्याचा रॉड सोडणार आहे.

एक गोष्ट मात्र जास्त टोचते. लहानपणी मी डेपोत गेलो की अण्णा मला पाना धरू द्यायचे नाहीत. "हात काळे करू नकोस, शीक." शिकलो. आज नातेवाइकांत माझी ओळख इंजिनियर आणि त्यांची "एसटीत होते". बिघाड कसा अर्धा-अर्धा करत शोधायचा हे मला पुस्तकाने शिकवलं आणि त्याला आम्ही भारी इंग्रजी नाव दिलं. अण्णा तेच तीस वर्षं खड्ड्यात उभे राहून करत होते, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुटली पाहिजे म्हणून. हात काळे न करता जे शिकलो ते अर्धंच शिक्षण होतं, हे मला तिशीच्या उंबरठ्यावर एका परक्या बसखाली झोपून कळलं.

संध्याकाळी मित्राने बस बाहेर काढली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. विकायची जाहिरात काढून टाकली आहे.

मी फोनवर अण्णांना म्हटलं, तुमचे अडीच हजार डॉलर झाले. ते म्हणाले, "ते राहू दे. तार परत गुंडाळलीस का?"

नव्हती गुंडाळली. रात्री टॉर्च घेऊन पुन्हा खाली शिरलो.