शनिवारवाड्याबाहेरही महाराष्ट्र आहे

मराठी मध्यमवर्गीय घरातील पुस्तकांचे कपाट उघडावे. ज्ञानेश्वरी आणि दासबोधाच्या शेजारी हमखास सापडते ती रणजित देसाई यांची ‘स्वामी’. तिला लागून ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ आणि बहुधा ‘मंत्रावेगळा’ही. पाने पिवळी पडलेली, पुठ्ठा दोनदा शिवलेला, पहिल्या पानावर कुणाच्या तरी लग्नातील अहेराची तारीख. इतिहासातील प्रेमकथा म्हटली की मराठी मन शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत शिरते आणि तेथेच रमते. कारंजी, समया, पैठण्या, नथीचा आकडा, गणेश महालातील बैठक आणि पडद्याआडचा निःश्वास!

या वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि १८१८ साली पेशवाई संपली. म्हणजे अवघी ८८ वर्षे. त्यांच्या आधीचे शिवशाहीचे अर्धशतक जमेस धरले तरी मराठी कादंबरीकाराचा प्रणयभूगोल पुणे, सातारा, रायगड आणि फार तर पानिपत एवढ्यात आटोपतो. महाराष्ट्राचा ज्ञात इतिहास मात्र दोन हजार वर्षांहून अधिक आहे. प्रतिष्ठानचे सातवाहन, नंदिवर्धनचे वाकाटक, वेरूळचा पर्वत कोरणारे राष्ट्रकूट, कऱ्हाड-कोल्हापूरचे शिलाहार, देवगिरीचे यादव. एवढ्या राजवटींत कुणी कुणावर प्रेम केलेच नाही काय?

हा दोष मराठी कादंबरीचा जन्मजात नव्हे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी शिवकालात घडते हे खरे. पण हरिभाऊ आपट्यांनी ‘उष:काल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिले, तसेच ‘चंद्रगुप्त’ लिहून मगधात पाऊल टाकले आणि ‘वज्राघात’ लिहून विजयनगरच्या पाडावाला हात घातला. पारतंत्र्यात, तुटपुंज्या साधनांवर लिहिणाऱ्या त्या माणसाच्या दृष्टीपुढे अखिल भारत होता. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे निघाली, उत्खनने झाली, ताम्रपटांचे संग्रह छापले गेले आणि नेमक्या त्याच काळात मराठी ऐतिहासिक कादंबरीचे अंगण वाड्याच्या चौकाएवढे झाले. अपवाद आहेत, परंतु अपवादांची नावे साध्या वाचकाला आठवावी लागतात, ‘स्वामी’चे नाव आठवावे लागत नाही.

यात पेशवाईचा तरी लाभ झाला असता तर तक्रारीचे कारण नव्हते. तिचीच सर्वाधिक हानी झाली आहे. पहिला बाजीराव हा अठराव्या शतकातील हिंदुस्थानचा अजोड सेनानी. १७२८ मध्ये पालखेडला त्याने निजामाला जे कोंडले, ती मोहीम युद्धशास्त्राचे अभ्यासक आजही नकाशा पसरून पाहतात. १७३७ मध्ये तो थेट दिल्लीच्या वेशीवर धडकला आणि त्याच वर्षअखेरीस भोपाळजवळ त्याने निजामाला पुन्हा नमविले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे, छावणीत, त्याचा देह पडला; त्याचे वय तेव्हा जेमतेम चाळीस होते. आज कोणत्याही महाविद्यालयीन तरुणाला बाजीराव म्हटल्यावर पहिला शब्द कोणता सुचतो, हे विचारून पाहावे. पालखेड निश्चितच नाही. मस्तानीविषयीचे समकालीन कागद थोडे. त्या थोड्या कागदांवर कादंबरी उभी राहिली, कादंबरीवर २०१५ साली चित्रपट उभा राहिला आणि चित्रपटात काशीबाई व मस्तानी एकत्र नाचल्या! ज्या काशीबाईंच्या प्रकृतीविषयी इतिहास काही वेगळेच सांगतो, त्यांच्या पायांत घुंगरू बांधण्याचे धाडस कुठून आले? ‘कल्पनास्वातंत्र्य’ या गोंडस शब्दातून आले आणि त्याची वाट कादंबरीनेच रुंद करून दिली होती. त्यात इनामदारांच्या कागदपत्रांच्या व्यासंगाचा दोष नाही. दोष आहे तो एका कादंबरीलाच इतिहास मानून तेथे थांबणाऱ्या समाजाचा.

मस्तानीचे खरे नाट्य तर पुढच्या पिढीत आहे. तिचा पुत्र समशेर बहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमांनी गेला. मराठी वाङ्मयात आईच्या सौंदर्याला जेवढी पाने मिळाली, त्याच्या दशांशही या रक्ताच्या साक्षीला मिळाली नाहीत.

थोरल्या माधवरावांची गोष्ट अधिक नाजूक आहे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या ‘स्वामी’ने दोन पिढ्यांना रडविले, १९८० च्या दशकात दूरदर्शन मालिकेने तिसरीला रडविले. हे यश खोटे नव्हे. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी गादीवर आलेला आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेलेला हा तरुण अश्रूंना पात्रच आहे. परंतु वाचकाच्या मनात काय उरले? रमाबाईंची थेऊरची वाट उरली. १७६३ मधील राक्षसभुवनची लढाई, हैदरावरील मोहिमा, १७७१ मध्ये मराठी फौजांनी पुन्हा हाती घेतलेली दिल्ली हे सारे पार्श्वसंगीतासारखे विरले. शिवाय एक प्रश्न उरतोच. मराठी प्रणयकथेचे परमोच्च शिखर चितेवरच का असावे? पतीमागे जगून राज्य राखणारी स्त्री या भूमीला ठाऊक नव्हती काय?

ती होती. पाचव्या शतकाच्या आरंभी विदर्भात होती.

प्रभावतीगुप्ता ही सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, वाकाटक दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. पती अकाली गेला, मुले लहान. तिने युवराज दिवाकरसेनाच्या नावाने कारभार हाती घेतला आणि किमान तेरा वर्षे तो चालविला. कारण तेराव्या वर्षाचा तिचा ताम्रपट उपलब्ध आहे. नियतीची थट्टा अशी की हा ताम्रपट विद्वज्जगतात ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पत्र्यावर एका राज्यकर्त्या विधवेची मुद्रा आहे आणि पुण्याच्या प्रकाशकाला शनिवारवाड्यापलीकडे नायिका सापडत नाही! माहेर पाटलिपुत्राचे सामर्थ्य, सासर नंदिवर्धनचे स्वाभिमानी राज्य, मध्ये ही तरुण राणी. पित्याच्या साम्राज्याची छाया आपल्या मुलांच्या गादीवर किती पडू द्यायची, हा तिचा रोजचा पेच असला पाहिजे. ती रामगिरीच्या स्वामींची भक्त होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजे रामटेक हे साधार मांडले. तोच रामगिरी, जेथे कालिदासाचा यक्ष मेघाला निरोप सांगतो. स्थळ, काळ, विरह, राजकारण आणि पार्श्वभूमीला मेघदूत. मराठी कादंबरीकाराला आणखी काय हवे आहे?

‘साधने नाहीत’ हे नेहमीचे उत्तर. पेशवाईची साधने उदंड आहेत हे मान्य करावेच लागेल. इतिहासाचार्य राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस, रियासतकार सरदेसाई यांनी आयुष्ये झिजवून कागद वाचविले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. कादंबरीकार आयत्या ताटावर बसला. पण ज्या काळातील माणसाचा मुक्काम तारीखवार सापडतो, त्या काळात कल्पनेला जागा कितीशी? मग ती जागा वास्तवाला ढकलून करावी लागते. घुंगरू तिथूनच येतात. प्रणयकथेला हवी असते ती मोकळी जागा आणि प्राचीन महाराष्ट्रात ती विपुल आहे. साधनांची टंचाई ही संशोधकाची अडचण, कादंबरीकाराची नव्हे.

आणि टंचाई तरी किती? कवी बिल्हण हा काश्मीरचा. तो दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारी आला आणि त्याने राजाचे चरित्र काव्यात बांधले. त्या काव्यात शिलाहार राजकन्या चंद्रलेखेचे स्वयंवर आहे आणि ते आपल्या कऱ्हाडात आहे. पुढे कल्हणाची राजतरंगिणी सांगते की याच राणीचे चित्र पाहून काश्मीरचा राजा हर्ष तिच्यासाठी वेडा झाला आणि भर दरबारात त्याने दक्षिणेवर चालून जाण्याच्या वल्गना केल्या. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरील एका कन्येचे रूप वितस्तेच्या तीरापर्यंत पोहोचले होते! भारताच्या सांस्कृतिक एकात्मतेवर व्याख्याने झोडणाऱ्यांनी हा एक प्रसंग जरी कथेत आणला, तरी दहा व्याख्यानांचे काम होईल.

शेजाऱ्यांनी हे ओळखले. कन्हैयालाल मुन्शींनी १९१६ पासून पाटणच्या सोळंकी राजवटीवर कादंबऱ्या लिहिल्या आणि गुजराती माणसाच्या मनात सिद्धराज जयसिंह जिवंत केला. ‘जय सोमनाथ’मध्ये त्यांनी गझनीच्या स्वारीच्या कराल छायेत भीमदेव आणि चौला यांचे प्रेम रंगविले, वाचक प्रेमासाठी पुस्तक उघडतो आणि सोमनाथाच्या वेदनेपाशी येऊन पोहोचतो. तमिळनाडूत कल्की कृष्णमूर्तींनी ‘पोन्नियिन सेल्वन’मध्ये चोळांचे दहावे शतक उभे केले, २०२२ आणि २०२३ साली त्यावरचे दोन चित्रपट मराठी तरुणांनीही पाहिले.

त्याच कल्कींची दुसरी कादंबरी मराठी माणसाने आवर्जून माहीत करून घ्यावी. ‘शिवगामियिन सबदम्’ या पल्लवकालीन प्रेमकथेत एका नर्तकीला बंदी करून वातापीला नेणारा शत्रू आहे चालुक्य दुसरा पुलकेशी. ज्याने नर्मदेवर हर्षवर्धनाला रोखले, इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखाने ज्याला ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटले, ज्याच्या प्रजेचा मानीपणा ह्युएन-त्संगाने नोंदविला, तोच हा. कल्कींनी आपल्या भूमीच्या बाजूने लिहिले, तो त्यांचा अधिकार. प्रश्न असा की पुलकेशीची बाजू मराठीत प्रेमकथेच्या बळाने कुणी घराघरांत पोहोचविली? वातापी आज कर्नाटकात आहे म्हणून हा राजा परका ठरतो काय? १९५६ च्या प्रांतरचनेच्या रेघा सातव्या शतकावर ओढण्याचा हा प्रकार हास्यास्पद आहे.

काळ निवडणे निष्पाप नसते, हे इंग्रजांकडे पाहून अधिक स्पष्ट व्हावे. इंग्रजी ऐतिहासिक प्रणयकादंबरीचा सर्वांत लाडका काळ म्हणजे ‘रीजन्सी’, १८११ ते १८२० ही नऊ वर्षे. जॉर्जेट हेयर या लेखिकेने १९३५ च्या ‘रीजन्सी बक’पासून ही वाट मळविली, तेव्हापासून ड्यूक, नृत्यसमारंभ आणि झुंबरे संपता संपत नाहीत. ती झुंबरे झळकत होती त्याच वर्षांत, १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले. त्या कादंबऱ्यांतील ऐश्वर्य कुठल्या लुटीतून आले, हे सहसा विचारले जात नाही. विचारू नये म्हणूनच तो काळ इतका सुखद वाटतो. इंग्रजांना विस्मरण सोयीचे होते. मराठी समाजाला विस्मरणातून काय मिळाले?

महाराष्ट्राचे सर्वांत जुने प्रेमवाङ्मय तर मुळात राजवाड्यातले नाहीच. सातवाहन राजा हाल याच्या नावावरील गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, स. आ. जोगळेकरांनी ती १९५६ साली सटीक मराठीत आणली. त्यातील प्रेम गोदेच्या काठी, पिकलेल्या शेतात, पावसाळ्यात अडकलेल्या प्रवाशाच्या घरी घडते. नांगरधारी कुणबी, त्याची बायको, थट्टेखोर मैत्रिणी, गावचा पाटील ही तिची पात्रे. पुरोगामी समीक्षक ऐतिहासिक कादंबरीला सरंजामी स्वप्नरंजन म्हणून हिणवतात. त्यांचा हेतू काहीही असो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या या गाथांकडे पाठ फिरवून मराठी लेखकांनीच त्यांच्या हाती कोलीत दिले. समीक्षकांनी तरी गाथा कुठे वाचली आहे, हा भाग वेगळा.

२०२५ साली संभाजी महाराजांवरील ‘छावा’ चित्रपटातील लेझीम नृत्याचे दृश्य आक्षेपानंतर वगळावे लागले. आक्षेप रास्त होता. पण दर वेळी दृश्य कापून घेण्यात समाजाची शक्ती खर्ची पडते आणि नवी दृश्ये लिहिण्याचे काम तसेच राहते. ते कुणी करावे? प्रकाशक म्हणतात, वाचक पेशवाईच मागतो. ज्याच्यापुढे दुसरे ताट मांडलेच नाही, तो दुसरे काय मागणार? गावोगावची वाचनालये, व्याख्यानमाला, दिवाळी अंक हे सारे बहुतांशी याच वाचकांच्या हातात आहे. एखाद्या दिवाळी अंकाने सातवाहनकालीन दीर्घकथा मागवावी, एखाद्या वाचनालयाने वाकाटककालीन कादंबरीला पारितोषिक ठेवावे. पुण्या-मुंबईचे तरुण पावसाळ्यात नाणेघाटाला गर्दी करतात, जकातीच्या रांजणापाशी छायाचित्रे काढतात आणि गुंफेत डोकावून परततात. त्या गुंफेत सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. आज पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत आणि वर नावे आहेत: सिमुक, सातकर्णी आणि त्याची राणी नागनिका. भिंतीवरील दीर्घ लेखात यज्ञांची आणि दक्षिणांची गणती आहे. राणी नागनिकेच्या मनातले त्यात काही नाही. ते लिहिणारा कादंबरीकार जुन्नरपासून तीस किलोमीटरच्या आत कुठेतरी सापडायला हरकत नाही.