‘सँड्स ऑफ टाइम’चा पुणे-मुंबई रिमेक

‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या 2003 सालच्या गेमच्या रिमेकचे काम युबिसॉफ्ट या कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे दिले होते. 10 सप्टेंबर 2020 रोजी पहिला ट्रेलर आला आणि त्याच दिवशी निराशेचा सूर लागला. चेहरे निर्जीव, प्रकाशयोजना सपाट आणि एकूण रूप एक पिढी मागचे, असे खेळाडूंचे म्हणणे होते. ते बऱ्याच अंशी खरेही होते.

या राजपुत्राचे मोठेपण कधीच चेहऱ्यात नव्हते, ते चालीत होते. जॉर्डन मेकनर यांनी 1989 मध्ये अॅपल टू संगणकासाठी मालिकेतला पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ केला, तेव्हा धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक चौकट रेखाटली. त्यामुळे राजपुत्राच्या देहाला वजन आले. धावता धावता तो एकदम थांबत नसे, आणि उडी चुकली की थेट खालच्या सुळ्यांवर. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी तो पाहिला संगणक वर्गातल्या डॉस यंत्रावर.

2003 मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने हीच चाल त्रिमितीत आणली. भिंतीवरून धावणे, खांबावरून खांबावर झेपावणे आणि चूक झाली तर खंजिराने काळ मागे फिरवणे, असा तो खेळ. त्यातली प्रत्येक खोली राजपुत्राच्या हालचालींच्या मापाने बांधलेली आहे. भिंतीवर तो किती पावले धावतो यावर समोरच्या कठड्याचे अंतर ठरते. रिमेक करणाऱ्यांची खरी अडचण इथे असते. नवे मोशन कॅप्चर (कलाकारांच्या हालचालींची नोंद) घ्यावे तर मापे बदलतात आणि सगळ्या खोल्या पुन्हा तपासाव्या लागतात; मापे तशीच ठेवावीत तर नव्या देहात जुना ताठरपणा उरतो. या रिमेकसाठी मोशन कॅप्चर नव्याने झाले होते आणि राजपुत्राच्या आवाजासाठी युरी लोवेन्थाल परतले होते. म्हणजे काम वरवरच्या रंगरंगोटीचे नव्हते.

मग चुकले कुठे? पुण्याचा स्टुडिओ 2008 मध्ये गेमलॉफ्टकडून युबिसॉफ्टकडे आला, मुंबईचा 2018 मध्ये सुरू झाला. तोवर त्यांचा भर इतर स्टुडिओंच्या गेममध्ये हातभार लावण्यावर होता; हातभार लावणे आणि एवढ्या नावाजलेल्या गेमची धुरा वाहणे यांत फरक आहे. त्यात ट्रेलर दाखवला तेव्हा प्रकाशनाची तारीख होती 21 जानेवारी 2021, जेमतेम चार महिन्यांवर. एवढ्या अवधीत चेहरे आणि प्रकाशयोजना नव्याने करणे कोणालाच जमले नसते. किंमत 40 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या गेमपेक्षा कमी. पण ‘रेसिडेंट ईव्हिल 2’ आणि ‘फायनल फँटसी 7’ यांच्या रिमेकनंतर खेळाडूंनी तुलना त्यांच्याशीच केली. दृश्यशैली मुद्दाम वेगळी ठेवल्याचा निर्मात्यांचा खुलासा कोणाच्या गळी उतरला नाही.

काहींनी खापर ‘भारतीय स्टुडिओ’ या शिक्क्यावर फोडले. ते चुकीचे आहे, आणि त्याचा पुरावा पुण्यातच होता. जेमतेम तीन आठवडे आधी, 18 ऑगस्ट 2020 रोजी, नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम निन्टेंडो स्विचवर आला होता. त्यातही भिंतीवरून धावणे आहे. पण कॅमेरा दूर ठेवलेला आहे आणि कथेचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितले आहेत, त्यामुळे जवळून दिसणाऱ्या चेहऱ्यांचा खर्चिक प्रश्न फारसा उद्भवतच नाही. त्याच्याही लढाईबद्दल तक्रारी झाल्या, रूपाचे मात्र कौतुक झाले. युबिसॉफ्टच्या चमूला ही मोकळीक नव्हती. तिथे राजपुत्र जवळूनच दाखवायचा होता.

पुढचा घटनाक्रम सर्वज्ञात आहे. तारीख आधी 18 मार्च 2021 झाली, मग फेब्रुवारी 2021 मध्ये बेमुदत लांबली. मे 2022 मध्ये काम माँट्रियलकडे गेले आणि पुढे प्री-ऑर्डरचे पैसे परत करण्यात आले. जून 2024 मध्ये 2026 हे वर्ष जाहीर झाले. जानेवारी 2026 मध्ये युबिसॉफ्टने प्रकल्पच रद्द केला. पुणे-मुंबईची आवृत्ती खेळाडूंच्या हाती कधी पडली नाही. तिच्यावरचा निकाल एका ट्रेलरवरून लागला, आणि ट्रेलरवरून चेहरा जोखता येतो, उडीचे माप नाही.