टायर घेताना...
स्पोर्टी गाडीचे टायर बदलायचे म्हटलं की पहिला प्रश्न, "एक साईझ मोठा बसेल का?" बसेल हो, पण साइडवॉल बुटकी होते, आणि पावसाळ्यातल्या एका खड्ड्यात टायरला फुगा! स्पीड रेटिंगचंही तेच. व्ही म्हणजे ताशी २४० किमी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मर्यादा १००. (कंपनीने दिलंय त्याच्या खालचं मात्र घेऊ नका.) माझ्या मते खरा परफॉर्मन्स म्हणजे ओल्या रस्त्यावरचा ब्रेक. तो बराचसा मऊ रबरातून येतो, आणि मऊ रबर लवकर झिजतं. दुकानदार नेमकं "साहेब, हा जास्त चालेल" एवढंच ऐकवतो. दोनच बदलणार असाल तर नवे मागे लावा, इंजिन पुढची चाकं फिरवत असलं तरी. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली की सावरणं कठीण. आणि पैसे देण्याआधी डॉटचे शेवटचे चार आकडे बघा: ३५२४ म्हणजे २०२४चा ३५वा आठवडा.