वाडी छान आहे हो, पण कौलं कोण परतणार?

काल सकाळी दार उघडलं तर ओट्यावर नवरा-नवरी. प्री-वेडिंग शूट! फोटोग्राफर म्हणतो, "काका, जरा आत जाता का? फ्रेममध्ये येताय." माझ्याच दारात!

मी गिरगावातल्या खोताचीवाडीत राहतो. दादोबा वामन खोतांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना जागा दिल्या, त्यातून ही वाडी उभी राहिली. बाहेरून चढणारे लाकडी जिने, सज्जे, कौलारू छपरं. एकेकाळी ६५ घरं होती म्हणतात. आज निम्मीही उरलेली नाहीत.

लोक विचारतात, "एवढं सुंदर घर, विकतात कशाला?" अहो, हौस म्हणून कोणी विकत नाही. दर पावसाळ्याआधी कौलं परतायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा. जुन्या कामाचा सुतार मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. वारसा म्हणून बाहेरून काही बदलायचं तर परवानगी हवी. खर्च मात्र आमचाच. त्यात घराला चार वाटेकरी, दोन परदेशात. आणि बिल्डरचे फोन चालूच.

माझं म्हणणं एवढंच: वारसा सगळ्यांचा, तर डागडुजीचा भार एकट्या घरमालकावर का? मालमत्ता करात सूट द्या, दुरुस्तीला अनुदान द्या. मतं मागायला येतील त्यांना हे विचारा. नुसती पाटी लावून छप्पर गळायचं थांबत नाही.

फोटो जरूर काढा, मंडळी. फक्त आधी विचारा. घर आहे हे, सेट नाही.