चौथा पार्टनर

सबमिशनची आदली रात्र ही इंजिनिअरिंगवाल्याच्या आयुष्यातली सर्वात निर्मितिक्षम रात्र असते, असं माझं प्रामाणिक मत आहे. सबमिशन सोडून बाकी सगळ्याची निर्मिती त्या रात्री होते. कुणाला कविता सुचते, कुणी दीड वाजता रूम झाडायला काढतो. सेकंड इयरला असताना अशाच एका रात्री, मायक्रोप्रोसेसरची नऊ प्रॅक्टिकल्स लिहायची बाकी असताना, मी विंगची हार्ड डिस्क साफ करायला घेतली.

विंगची हार्ड डिस्क म्हणजे आमची खानदानी इस्टेट. ती मुळात कोणी विकत घेतली हे आता कुणालाच सांगता येत नाही. फायनल इयरवाला पास होऊन जाताना ती खालच्या वर्षाच्या हवाली करतो, एवढंच माहीत. आत नोट्स असतात, पिक्चर असतात, सात वर्षांपूर्वीचे पेपर असतात आणि ‘नवीन फोल्डर’ नावाचे एकवीस फोल्डर असतात. त्यातल्याच एका कोपऱ्यात ‘जपान’ नावाचा फोल्डर होता. मला वाटलं अ‍ॅनिमे असेल. उघडला तर गाणी. ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, ट्रॅक ०३... असे ओळीने अडतीस ट्रॅक. गाण्याचं नाव नाही, गाणाऱ्याचं नाही, साल नाही, काही नाही.

डिलीट करायच्या आधी एक ऐकू म्हटलं, म्हणून ट्रॅक ०७ लावला. घोडा दौडत यावा तसा ठेका, त्यावर चकचकीत इलेक्ट्रॉनिक आवाजात एक सरळसोट धून. इतकी सरळ, की दुसऱ्यांदा येते तेव्हा आपण ती आधीच गुणगुणत असतो. व्हिडिओ गेमच्या आत कुणीतरी लग्नाची वरात काढलीय असं काहीसं वाटलं. पहाटे चारपर्यंत अडतीसच्या अडतीस ट्रॅक ऐकून झाले. प्रॅक्टिकल्स नऊची नऊच राहिली. (सरांनी पुढे काय केलं हा या लेखाचा विषय नाही.)

आता तुम्ही म्हणाल, गाणं ओळखायला हल्ली अ‍ॅप असतं. असतं ना. फोन स्पीकरसमोर धरला आणि दहा सेकंदांत उत्तर आलं : ‘रायडीन’, यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा. मला वाटलं, झालं, मिळालं नाव. पण अ‍ॅप सांगतं ते दारावरच्या पाटीवरचं नाव. घरात कोण कोण राहतं ते अ‍ॅप सांगत नाही. ते शोधायला मला पुढचे दोन महिने लागले, आणि आज जे लिहायचंय ते त्या दोन महिन्यांबद्दल.

दारावरच्या पाटीमागे तिघे जण होते. हारुओमी होसोनो, रिउइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी. १९७८ साली टोकियोत यांनी बँड काढला. मार्टिन डेनी नावाच्या अमेरिकन माणसाचं एक जुनं गाणं होतं, ‘फायरक्रॅकर’. अमेरिकनांच्या कल्पनेतला ‘गूढ पूर्वेकडचा’ देश त्यात होता. होसोनोचा विचार असा, की तेच गाणं आपण सिंथेसायझरवर डिस्को करून वाजवू आणि तुमची आमच्याबद्दलची कल्पना तुम्हालाच परत विकू. मला हा विनोद फार आवडतो. १९७९ मध्ये दुसरा अल्बम आला, ‘सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर’. नावातच आमचा पेपर! ‘रायडीन’ त्यातलं, ताकाहाशीने केलेलं. त्याच अल्बममधल्या साकामोतोच्या ‘बिहाइंड द मास्क’ने एरिक क्लॅप्टन आणि मायकेल जॅक्सन या दोघांनाही भुरळ घातली. दोघांनीही ते गायलं. साकामोतोला पुढे ‘द लास्ट एम्परर’च्या संगीतासाठी, आणखी दोघांसोबत, ऑस्करही मिळालं. आणि होसोनोचे आजोबा टायटॅनिकवरून वाचलेले एकमेव जपानी प्रवासी. याचा संगीताशी काडीचा संबंध नाही, पण कळल्यावर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण माझा माणूस या तिघांत नाही. माझा माणूस मागे बसलेला आहे.

त्यांच्या स्टेजच्या जुन्या चित्रफिती पाहा. पुढे तिघे आणि सोबतचे वादक. मागे वायरींचं जंजाळ असलेलं एक अवाढव्य मूग सिंथेसायझर, ज्याला ही मंडळी ‘कपाट’ म्हणायची, आणि त्याच्यापाशी एक माणूस. तो हिदेकी मात्सुताके. आधी इसाओ तोमिता यांच्याकडे काम शिकलेला. हे तोमिता म्हणजे ज्यांनी देब्युसीच्या पियानोच्या रचना अख्ख्या सिंथेसायझरवर उतरवून १९७४ साली जगाला थक्क केलं, ते. तर मात्सुताकेच्या हाताखाली एक यंत्र होतं, रोलंड कंपनीचं एमसी-८, १९७७ सालचं. त्याला पियानोसारख्या पट्ट्या नाहीत, आकड्यांचं कीपॅड आहे. प्रत्येक सुरासाठी आकडे टाकायचे : कोणता सूर, पुढचा सूर किती वेळाने, आणि त्या वेळातला किती भाग हा सूर चालू ठेवायचा. एक सूर झाला की पुढचा. असे शेकडो, हजारो आकडे. मग ते कॅसेटवर साठवायचे. आत प्रोसेसर कोणता? इंटेल ८०८०ए. म्हणजे आपल्या लॅबमधल्या ८०८५ किटचा सख्खा मोठा भाऊ!

हे वाचलं तेव्हा मी खरंच उठून उभा राहिलो. ज्या किटवर आपण हेक्स कोड टाकून दोन आकड्यांची बेरीज करतो, एक अंक चुकला की ‘सर, किट खराब आहे’ म्हणतो, तसल्याच कीपॅडवर बसून या माणसाने गाणी टाकली. आणि ताकाहाशी कानाला हेडफोन लावून त्या यंत्राच्या टिकटिकीबरोबर जिवंत ड्रम वाजवायचा. यंत्र माणसाला ताल देतंय आणि माणूस यंत्राला जीव. ‘रायडीन’मधला तो घोडा म्हणूनच नुसता यंत्राचा वाटत नाही.

जाणकार मात्सुताकेला बँडचा चौथा मेंबर म्हणतात. मी चौथा पार्टनर म्हणतो. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असतो ना आपला एक? सोल्डरिंग त्याने केलेलं, कोड त्याने चालवलेला, आणि ओरलच्या दिवशी पुढे उभे राहून बोलतात बाकीचे तिघे. फरक इतकाच, की त्या तिघांना स्वतःचंही काम उत्तम येत होतं, आणि त्यांनी चौथ्याला स्टेजवर आणून सगळ्यांना दिसेल असं बसवलं होतं.

ईएनटीसीवाल्यांसाठी आणखी एक. रोलंडचंच टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली आलं आणि १९८३ ला बंद झालं. आज जगभरच्या हिपहॉपमध्ये जो ‘एट-ओ-एट’ म्हणून ऐकू येतो तो हाच. त्याच्या टाळीचा आणि स्नेअरचा सळसळता आवाज कुठून येतो? ट्रान्झिस्टरच्या नॉईजमधून. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी मुद्दाम जास्त नॉईज देणारे, म्हणजे इतर लोक सदोष म्हणून बाजूला काढतील असे ट्रान्झिस्टर निवडून घेतले. पुढे सेमीकंडक्टर बनवण्याचं तंत्र सुधारलं, तसले वाईट ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि मशीनच बंद करावं लागलं. आपल्याकडे नॉईज म्हटलं की कमी कसा करायचा एवढंच शिकवतात. असो.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे माझ्या अपराधाकडे येतो.

गेल्या वर्षी गॅदरिंगचा टीझर बनवायचं काम आमच्याकडे होतं. दीड मिनिटाच्या टीझरला मागे काय लावायचं यावर तीन रात्री भांडण झाल्यावर मी ‘रायडीन’ दिलं. सगळ्यांना आवडलं. शेवटी नावं आली : जनरल सेक्रेटरी, कल्चरल सेक्रेटरी, कॅमेरा, ड्रोन, स्पॉन्सर, ज्याने ट्रायपॉड आणला तोसुद्धा. पस्तीस नावं. गाण्याचं नाव त्यात नव्हतं. परवानगी घेतली नव्हती, म्हणून नाव टाकायलाच नको असं ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत मीही होतो.

टीझर दाखवून झाल्यावर एका मॅडमनी कौतुकाने विचारलं, “म्युझिक छान आहे रे, कोणी केलंय?” पुढच्या रांगेतला एक ज्युनियर म्हणाला, “एआयने केलंय मॅडम. हल्ली नुसता प्रॉम्प्ट टाकला की होतं.” मॅडम म्हणाल्या, “अरे वा, कमाल आहे!” मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मला ताकाहाशी माहीत होता, मात्सुताके माहीत होता, आकडे माहीत होते. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर पुढचा प्रश्न परवानगीचा आला असता.

ताकाहाशी ११ जानेवारी २०२३ ला गेला, साकामोतो त्याच वर्षी २८ मार्चला. मला हा फोल्डर सापडला तोवर दोघंही नव्हते. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचं गाणं कुणीच न केलेलं गाणं होऊन गेलं. त्या ज्युनियरला मी दोष देत नाही. त्याला फाईल मिळाली होती ती ‘टीझर_म्युझिक_फायनल_२’ या नावाने. ट्रॅक ०७ चं बारसं मीच असं केलं होतं.

माझा रूम पार्टनर म्हणतो, “गाणं ऐक ना लेका, नावं काय करायचीत? चहा पिताना मळ्याचं नाव विचारतोस का?” त्याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचलंय, ते असं. मिकी मात्सुबारा नावाच्या गायिकेचं १९७९ मधलं एक गाणं २०२० मध्ये जगभर गाजलं, लाखो पोरांनी त्यावर रील्स केल्या. ती २००४ मध्येच, वयाच्या ४४ व्या वर्षी गेली होती. तिला कळवायला कुणाला जायला जागाच नव्हती.

आता दुसरी गोष्ट, आपल्या मुंबईची. रोलंडचंच ८०८, टीबी-३०३ हे बेसचं मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन हिंदी सिनेमातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली एक रेकॉर्ड केली : दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. फारशी कुणी घेतली नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती जुन्या रेकॉर्डमध्ये सापडली. ऐकून तो वेडा झाला, कारण पुढे अमेरिकेत ‘अ‍ॅसिड हाऊस’ म्हणून जे गाजलं त्याच्याशी मिळतंजुळतं काहीतरी या माणसाने आधीच करून ठेवलं होतं. कव्हरवर नाव होतं. त्या नावाचा माग काढत तो मुंबईत सिंग यांच्यापर्यंत पोचला. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली, सत्तरीतल्या सिंग यांनी परदेशात जाऊन ती लोकांसमोर वाजवली. २०१५ मध्ये ते गेले, पण टाळ्या ऐकून गेले. समजा, ती रेकॉर्ड त्या डच माणसाला ‘ट्रॅक ०१ ते १०’ म्हणून मिळाली असती तर?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की वाटा, भरपूर वाटा, पण नावानिशी वाटा. आणि नाव म्हणजे नुसतं बँडचं नाही, आकडे टाकणाऱ्याचंही. हार्ड डिस्कवरून गाणी वाटणारा मी काही साधू नाही, हे मला कळतं. त्या अडतीस ट्रॅकचे पैसे विंगमधल्या एकानेही दिलेले नाहीत. आता यातलं बरंचसं अधिकृतपणे ऐकायला मिळतं, तिथे ऐकावं. पण पैसे देता येत नसतील तर निदान नाव तरी द्यावं, त्याला काय मेस बिल लागतं? दुसऱ्याची असाइनमेंट उतरवतानासुद्धा आपण रोल नंबर तेवढा नीट बदलतो, म्हणजे नावाची किंमत आपल्याला चांगली कळते.

अडतीसपैकी एकतीस ट्रॅकची नावं, सालं आणि माणसं मी शोधली आहेत. सात अजून बाकी आहेत. अ‍ॅपनेही हात टेकले. डिस्कवर ‘आधी हे वाच’ नावाची फाईल केली आहे, ती डिलीट करणाऱ्याला माझा शाप लागेल. मॅडमना परवा स्टाफरूममध्ये जाऊन सगळं सांगितलं, परवानगीचंसुद्धा. त्या आधी रागावल्या, मग म्हणाल्या, “ते आकडे टाकणाऱ्याचं नाव काय म्हणालास?” वहीत लिहून घेतलं.

येत्या रविवारी रात्री विंगच्या गच्चीवर ऐकायला बसतोय. सुरुवात होसोनोच्या ‘कोचीन मून’ने. तो भारतात फिरून गेला, इथे आजारी पडला आणि परत जाऊन १९७८ मध्ये, यलो मॅजिक ऑर्केस्ट्राच्या पहिल्या अल्बमच्या थोडंसं आधी, त्याने ही रेकॉर्ड केली. अस्तित्वात नसलेल्या हिंदी पिक्चरचं संगीत म्हणून! त्यातही मात्सुताके आहेच. ज्या सात ट्रॅकची नावं लागत नाहीत तेही लावू, कुणाला ओळखता आले तर बघू. ज्याच्याकडे बरा स्पीकर असेल त्याने आणावा. रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा खायला काहीतरी घेऊन या.