नीतिसूत्रांतली बाई आणि आपली 'अच्छी बेटी'

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला आणि माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी अकरावीला गेलीच नाही. वडील मार्कशीट न्यायला आले तेव्हा मी विचारलं, "भाईजान, इतके चांगले मार्क पडलेत, पुढे का नाही?" ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, दीनदार लडकी घरमेंच अच्छी लगती." माणूस वाईट नव्हता. मुलीवर त्याचा जीव होता. म्हणूनच मला पटकन उत्तर सुचलं नाही.

स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा माझी एक ख्रिस्ती सहकारी हसली. म्हणाली, "आमच्याकडेही हेच चालतं गं, फक्त वचनं वेगळी." दुसऱ्या दिवशी तिने मला मराठी बायबल आणून दिलं आणि नीतिसूत्रांचा 31 वा अध्याय काढून दिला. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचते आहे.

अमेरिकेत 'बायबलप्रमाणे स्त्रीत्व' या नावाने गेली चाळीसेक वर्षं मोठा वाद चालू आहे. 1987 मध्ये तिथल्या काही इव्हँजेलिकल धर्मपंडितांनी डॅनव्हर्स निवेदन तयार केलं. स्त्री आणि पुरुष देवापुढे समान आहेत, पण त्यांच्या भूमिका वेगळ्या. घरात नेतृत्व नवऱ्याचं आणि चर्चमध्येही पुरुषाचं, असा त्याचा सारांश. सदर्न बॅप्टिस्ट या तिथल्या सर्वात मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने 1998 मध्ये 'पत्नीने पतीच्या अधीन राहावं' हे आपल्या श्रद्धापत्रकात घातलं आणि 2000 मध्ये पाळकाचं पद पुरुषांपुरतं ठेवलं.

हे मनापासून पाळणाऱ्या हजारो बायका तिथे आहेत. नोकरी सोडून मुलांना घरीच शिकवणाऱ्या, साधे कपडे घालणाऱ्या, नवऱ्याचा शब्द मानणाऱ्या. त्यांना कुणी 'मागासलेल्या' म्हटलं की मला राग येतो, कारण हाच शब्द माझ्या बुरख्याकडे बघूनही वापरला जातो. श्रद्धेने घर निवडणारी बाई ही बिनडोक नसते. तिची निवड तिची असेल, तर तिला अदबीने सलाम करावा.

प्रश्न निवडीचा आहे. आणि निवड करायची तर पुस्तक स्वतः वाचावं लागतं.

आता तो 31 वा अध्याय बघा. आदर्श गृहिणीचा नमुना म्हणून तो चर्चमधून नेहमी सांगितला जातो. पण त्यातली बाई करते काय? लोकर आणि ताग मिळवते, शेत पारखून विकत घेते, आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं करून विकते, गरिबाला हात देते आणि बोलते ते शहाणपणाचं. ही घर सांभाळणारी आहे, तशी व्यापार करणारीही आहे. आणखी गंमत म्हणजे, अध्यायाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की हा उपदेश एका राजाला त्याच्या आईने केला. म्हणजे बायकांना धरून बसवायला वापरला जाणारा पाठ मुळात एका आईने मुलाला दिलेला आहे! यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी नवरा बायकोच्या कौतुकासाठी हेच पद गातो. तिथे ते कौतुक आहे, दुसरीकडे त्याचीच कामांची यादी झाली.

रेचल हेल्ड इव्हान्स या अमेरिकी लेखिकेने बायबलमधल्या स्त्रियांसंबंधीच्या सूचना वर्षभर अक्षरशः पाळून बघितल्या आणि 2012 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. भांडखोर बायकोबरोबर राहण्यापेक्षा छपराचा कोपरा बरा, अशा अर्थाचं वचन आहे म्हणून ती स्वतःच छपरावर जाऊन बसली. वाचून हसू येतं, पण मुद्दा गंभीर आहे. सगळं अक्षरशः कुणीच पाळत नाही. प्रत्येक जण निवडून पाळतो. मग निवडतो कोण?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला अमेरिकेला जायचीही गरज नाही. पंडिता रमाबाई आपल्या महाराष्ट्राच्या. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ख्रिस्त मानला होता, पण कुणाची ताबेदारी नव्हे. त्यांनी पत्रांतून ठणकावून वाद घातला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून हिब्रू आणि ग्रीकवरून साऱ्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. मधल्या माणसाच्या हातून अर्थ घेण्याऐवजी ही बाई थेट मुळापर्यंत गेली. 1922 मध्ये त्या वारल्या, तोवर हेच काम चालू होतं. श्रद्धा आणि स्वतंत्र बुद्धी एका घरात नांदू शकतात, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

आणि आपण? हजरत खदीजा रजि. व्यापारी होत्या, आपले तांडे शामला पाठवत होत्या, हे आपण मिलादच्या तक्रीरीत कौतुकाने ऐकतो आणि घरी येऊन मुलीला म्हणतो, बाजारात जाऊ नकोस. हजरत आयशा रजि. यांच्याकडून दोन हजारांवर हदीस आल्या, मोठमोठे सहाबी त्यांना मसला विचारत. आणि आपण म्हणतो, जास्त शिकली तर स्थळ कोण देणार? सूरह अहजाबच्या 35 व्या आयतीत मोमिन पुरुष आणि मोमिन स्त्रिया एका ओळीत उभ्या केल्यात, मोबदलाही सारखाच सांगितलाय. ही आयत आमच्या वर्गातल्या किती मुलींना अर्थासह येते? नाजरा सगळ्यांचं झालेलं असतं. अर्थ मात्र दुसऱ्याने सांगितलेला.

माझ्या ख्रिस्ती बहिणींची ही कहाणी मला आरशासारखी वाटते. त्यांच्यातली घरात रमणारीही मला आपली वाटते, पाळक व्हायला निघालेलीही. दोघींना एकच विचारावंसं वाटतं: बाई, हे तू वाचून ठरवलंस ना?

त्या मुलीच्या वडिलांना मी या महिन्यात पुन्हा भेटणार आहे. वाद घालणार नाही. मराठी तर्जुमा असलेला कुरआन सोबत नेईन आणि म्हणेन, भाईजान, 'दीनदार' हा शब्द तुमचाच ठेवू. फक्त दीन तिलाही वाचू द्या. बारावीनंतर ती घरी बसली तरी चालेल, पण ते तिने म्हटलेलं असू दे.