सुरतेतला जोडा



सुरतेतल्या मराठी माणसाला शहराच्या इतिहासातल्या तारखा विचारल्या तर १६६४ आणि १६७० ही दोन वर्षं तो पटकन सांगतो. तिसरी तारीख फारशी कुणाच्या तोंडी येत नाही. ती आहे २७ डिसेंबर १९०७.

त्या दिवशी तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये काँग्रेसच्या अधिवेशनाचा मांडव भरला होता. गोंधळ आदल्या दिवसापासूनच चालू होता. अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांच्या नावाला अनुमोदन द्यायला उभ्या राहिलेल्या सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लोकांनी बोलूच दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक व्यासपीठावर चढले. आपल्याला सूचना मांडायची आहे अशी लेखी चिठ्ठी त्यांनी आधी दिली होती. त्यांना परवानगी नाकारली गेली, तरी ते हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. तेवढ्यात मांडवातून एक मराठी बनावटीचा जोडा उडाला आणि बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग काठ्या आणि खुर्च्या चालल्या. शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला. जोडा कुणी फेकला आणि नेम कुणावर होता, यावर आजही एकमत नाही.

शाळेच्या पुस्तकात आपण याला ‘जहाल-मवाळांची फूट’ म्हणून शिकलो. त्यातला ‘मवाळ’ हा शब्दच बघा. ऐकताच वाटतं, ही माणसं बिचारी, कणा नसलेली असणार. खरं तर दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, फिरोजशहा, गोखले ही मंडळी एका ठाम विचाराची होती. सरकारची सत्ता कायद्याने बांधलेली असावी. प्रत्येक माणसाला आपलं मत, आपला धर्म, आपला धंदा निवडता यावा. दुसऱ्याचं म्हणणं ऐकून, पुरावे तपासून निर्णय व्हावा. याला आज अभ्यासक अभिजात उदारमतवाद म्हणतात. आपल्या मराठीत तो नवा नाही. त्याच्यासाठी आगरकरांनी स्वतःच्या हयातीत पुण्यात स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली होती.

हा विचार आज जगभर अडचणीत आहे असं आपण वाचतो. अमेरिकेत, युरोपात, आपल्याकडेही निवडणुका होतात, मतदान भरपूर होतं; पण निवडून आल्यावर विरोधकाला, पत्रकाराला, न्यायालयाला किती जागा द्यायची, यावर कुरबूर सुरू होते. ‘लोकांनी आम्हाला निवडलंय, मग मध्ये तुम्ही कोण?’ हा प्रश्न वेगवेगळ्या भाषांत विचारला जातो. असं का होतं, हे समजून घ्यायला परदेशी जायची गरज नाही. सुरतेची ती गोष्ट पुरेशी आहे.

पहिली गोष्ट अशी की उदारमतवाद्यांचा पराभव बऱ्याचदा त्यांच्याच हातून होतो. १९०७ चं अधिवेशन आधी नागपूरला ठरलं होतं. तिथे टिळकांचा जोर होता, म्हणून ते सुरतेला आणलं गेलं. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि यजमान प्रांताचा माणूस अध्यक्ष करायचा नाही असा रिवाज होता. म्हणजे टिळकांचं नाव परस्पर बाद. सगळं नियमात बसणारं, पण हेतू समोरच्याला दाराबाहेर ठेवण्याचा. १९०८ मध्ये तर काँग्रेसची घटनाच अशी केली गेली की मवाळांचं ध्येयधोरण लिहून मान्य केल्याशिवाय प्रतिनिधी होता येईना. नियम सगळ्यांना सामावून घेण्यासाठी असतात, यावर ज्यांची श्रद्धा होती त्यांनीच नियमांची भिंत बांधली. जोडा फेकणाऱ्याचं मी समर्थन करत नाही. पण ज्याला बोलायची पाळीच मिळत नाही तो पायातलं काढणार, हेही खरं.

दुसरी गोष्ट त्यानंतर काही महिन्यांतच घडली. जून १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्यांच्या जामिनासाठी कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर जिना, जे तेव्हा फिरोजशहा आणि गोखल्यांच्या मवाळ गटातले होते. जामीन मिळाला नाही. खटल्यात टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून अधिक. आणि त्यांनी आधार कशाचा घेतला? इंग्लंडमधल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या निवाड्यांचा आणि ज्यूरीच्या अधिकाराचा. म्हणजे मवाळ ज्याच्यावर विश्वास ठेवा म्हणत होते त्याच कायद्याचा, त्याच स्वातंत्र्यांचा. ज्यूरीतले सात युरोपीय ‘दोषी’ म्हणाले, दोन पारशी ‘निर्दोष’ म्हणाले. टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले.

राजद्रोहाचं ते कलम, १२४ अ, स्वातंत्र्यानंतरही टिकलं. ज्यांचं सरकार आलं त्यांना ते सोयीचं वाटलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित केला आणि नव्या भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी वेगळ्या शब्दांतलं कलम १५२ आलं. विरोधात असताना नकोसा वाटणारा कायदा सत्तेत आल्यावर उपयोगी वाटू लागतो, हा उदारमतवादापुढचा सगळ्यात जुना पेच आहे.

तिसरी अडचण पोटाची आहे. ‘सरकार तुमच्या कामात लुडबूड करणार नाही’ हे वचन ज्याच्याकडे काही आहे त्याला आवडतं. ज्याच्याकडे काहीच नाही तो विचारतो, ‘मला काय मिळणार?’ राजाजी आणि मिनू मसानी यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र पक्षाचं हेच झालं. परवाना राज्याला विरोध करणारा हा पक्ष १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागांवर पोचला. आपल्या गुजरातेत तर त्याच वर्षी विधानसभेच्या ६६ जागा जिंकून तो मुख्य विरोधी पक्ष झाला. पण राजेरजवाड्यांचा आणि शेठ लोकांचा पक्ष हा शिक्का काही पुसला गेला नाही. १९७१ मध्ये ‘गरिबी हटाओ’च्या लाटेत लोकसभेत त्याच्या आठ जागा उरल्या, आणि पुढच्या काही वर्षांत पक्षच विलीन झाला. गोखल्यांना हा धोका आधीच दिसला असावा. म्हणूनच १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. स्वातंत्र्य वापरायला माणूस आधी वाचता-लिहिता झाला पाहिजे, हा त्यामागचा विचार. विधेयक फेटाळलं गेलं, पण विचार चुकीचा नव्हता.

आता म्हणाल, हे सगळं जुनं झालं. लूमवर बारा तास काढणाऱ्या माणसाला याचं काय? माझ्या मते, सुरतेतल्या मराठी माणसाला याचं सगळ्यात जास्त आहे.

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरलं की अहिराणी कानावर पडते. ताप्ती लाइनच्या गाडीने जळगाव, धुळे, नंदुरबारहून माणसं आली, यंत्रमागावर लागली, कुणी मार्केटमध्ये गेलं, कुणी स्वतःचं दुकान टाकलं. त्यांना इथे येताना कुणाची परवानगी लागली नाही. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने देशात कुठेही राहण्याचा आणि कुठलाही धंदा करण्याचा हक्क दिला आहे. एकोणतीस आणि तीस या कलमांनी अल्पसंख्याकांना आपली भाषा जपण्याचा आणि आपल्या शाळा काढण्याचा हक्क दिला. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळाही चालतात. मतांच्या मोजणीत आपण या राज्यात कायम कमी भरणार. आपल्याला जे मिळालं ते बहुमताच्या जोरावर नाही, बहुमतालाही पाळावे लागणाऱ्या नियमांच्या जोरावर मिळालं.

आणि इथेच आपली परीक्षा आहे. मुंबईकडून कधीकधी मोबाइलवर एखादा व्हिडिओ येतो. दुकानदाराला मराठी येत नाही म्हणून त्याच्या कानाखाली वाजवली जाते, आणि आपल्या ग्रुपवर टाळ्यांचे हात पडतात. महाराष्ट्रात मराठीचा आग्रह असायलाच हवा. शाळा, पाट्या, सरकारी कामकाज यांसाठी कायदे करा, ते पाळायला लावा. पण कानाखाली मारण्याचा हक्क एकदा मान्य केला की तो फक्त मुंबईच्या हद्दीत राहत नाही. उद्या उधन्याच्या आपल्या एखाद्या भावाला कुणी तोच न्याय लावला तर आपण कुठल्या तोंडाने कायदा दाखवणार? जिथे आपण थोडे तिथे घटना, आणि जिथे आपण जास्त तिथे मनगट, असा दुटप्पी हिशोब फार दिवस चालत नाही.

सुरतेत फुटलेली काँग्रेस पुन्हा एक व्हायला १९१६ चं लखनौ अधिवेशन उजाडावं लागलं. तोवर गोखले आणि फिरोजशहा दोघेही गेले होते. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखल्यांच्या अंत्यसंस्काराला टिळक आले आणि आयुष्यभराच्या विरोधकाबद्दल मनापासून आदराने बोलले. ते ऐकायला गोखले नव्हते. नऊ वर्षं दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या जागी बरोबर होती आणि नुकसान देशाचं होत होतं.

मोठ्या लोकशाह्यांचं काय व्हायचं ते होईल, त्यावर आपला हात पोचत नाही. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेवर, सोसायटीच्या मीटिंगवर आणि घरातल्या जेवणाच्या ताटावर मात्र पोचतो. तिथे वेगळं मत मांडणाऱ्याला शेवटपर्यंत बोलू देणं आणि हिशोब विचारणाऱ्याला ‘तू कोण विचारणार?’ असं न म्हणणं आपल्याला जमण्यासारखं आहे. मतदानात हरलेल्याला पुढच्या वेळी पुन्हा उभं राहू देणंही. हे मवाळपणाचं वाटेल, पण राग गिळून ते करायला बरीच ताकद लागते.

माझं म्हणणं ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर लिहावं. पुढच्या अंकात या सदराच्या जागी आधी तुमचं पत्र छापू.